हैदराबादची आत्या

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही. चार माणसं वर्षानुवर्षं एका खोलीत बसली की ते आपोआप साठतात. आमच्या घरी कापडाचे तुकडे साठतात, तसेच. बायको म्हणते, फेकून द्या. आणि पाहुणा येऊन बसला की तीच आतून ओरडते, "अहो, तो मुंगळ्यांचा सांगा की!"

तर आमची मंडळी पाच जणांची. बसायची जागा जालन्यात मस्तगडाला, अप्पांच्या धान्याच्या दुकानामागची खोली. राज्य निजामाचं. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि त्या खोलीत फक्त नाटक! अप्पा पेटी वाजवायचे. वामन मास्तर शाळेत शिकवायचे आणि आमचे प्रॉम्प्टर होते. किसनराव आष्टीचे शेतकरी, तालमीत कमावलेलं अंग, ते आमचे राजा. उस्मानभाई पडदे रंगवायचे आणि गॅसबत्त्या सांभाळायचे. पाचवा मी, कचेरीतला साधा कारकून.

अकरा वर्षं आम्ही एकच संगीत नाटक केलं. राजाच्या मनात राणीबद्दल गैरसमज होतो, राणी वनात निघून जाते, तिथे तोंडावर पदर घेऊन राहते आणि शेवटी राजाला ओळख पटते. गोष्ट एवढीच, पण पदं पंचवीस! आम्ही त्याला 'राणीचं नाटक' म्हणायचो. आणि त्यातली राणी मी होतो.

*

राणी कोण होणार यावरून आमच्यात भांडण झालं नाही, याचं सगळं श्रेय बांगड्यांना.

झालं असं, की अप्पांचा उत्साह दांडगा. पार्ट वाटायच्या आधीच ते कासाराकडे गेले आणि हिरव्या काचेच्या डझनभर बांगड्या घेऊन आले. कुणाच्या मापाच्या? कुणाच्याच नाही! कासारानं विचारलं तेव्हा म्हणे त्यांनी सांगितलं, "राणीच्या द्या."

मग त्या बांगड्या एकेकाच्या हातात चढवून पाहणं सुरू झालं. किसनरावांच्या तीन बोटांपलीकडे बांगडी जाईना. वामन मास्तरांनी जोर लावला आणि दोन फोडल्या. अप्पांच्या हाताला तेल लावलं, साबण लावला, तरी बांगडी अंगठ्याशी अडली ती अडलीच. शेवटी कोपऱ्यात बसून पानं मोजणाऱ्या माझा हात कुणीतरी ओढला. टाक धरून धरून वाळलेला हात तो. दहाच्या दहा बांगड्या सरसर चढल्या!

"सापडली राणी!" अप्पा ओरडले.

मी म्हटलं, "अप्पा, अहो पण माझा आवाज?"

"आवाज काय, येईल हळूहळू. बांगड्या बदलायला परत कोण जाऊन राह्यलं?"

*

आमच्याकडे पडदा एकच. उस्मानभाईंनी एका बाजूला राजवाडा रंगवला होता आणि दुसऱ्या बाजूला जंगल. अंक बदलला की पडदा उलटा करायचा. आम्ही दुसरं नाटक कधी घेतलं नाही त्याचं खरं कारण हेच. दुसऱ्या नाटकात नदी होती!

एकदा परतूरच्या बाजारात खेळ होता. उस्मानभाई गॅसबत्तीशी झुंजत होते, त्या नादात पडदा उलटायचा राहिला. किसनराव धनुष्यबाण घेऊन शिकारीला आले, छाती फुगवून म्हणाले, "या घनदाट अरण्यात..." आणि सहज मागे पाहिलं तर सिंहासन!

मास्तर विंगेत कपाळाला हात लावून उभे. पण किसनराव डगमगले नाहीत. दोन पावलं मागे सरकले, सिंहासनावरून हात फिरवला आणि गरजले, "प्रधानजी! अरण्य वाढत वाढत पार आमच्या वाड्यात शिरून राह्यलं! जल्दी तोडा!"

टाळ्या थांबेनात. मास्तर चिडून म्हणाले, "पुस्तकात हे न्हाई." पण पुढच्या बाजारी लोकांनी आधीच विचारलं, "ते जंगल तोडायचं हाये ना आज?" तेव्हापासून ते वाक्य आमच्या नाटकात कायमचं राहिलं आणि त्या प्रवेशाला पडदा मुद्दाम चुकीचा ठेवावा लागला.

*

आता मुंगळ्यांचा.

वनात राणी एका वेलीला धरून विरहाचं पद म्हणते. आम्ही त्याला 'वेलीचं पद' म्हणायचो. वेल कागदाची असायची, पण एकदा ती उंदरांनी खाल्ली. अप्पांनी घाईघाईत कुणाच्या तरी कुंपणावरची खरीखुरी वेल तोडून आणली. हिरवीगार, फुलांची, सुंदर. तिच्यात मुंगळ्यांचं अख्खं कुटुंब राहत होतं, हे मला पहिल्या ओळीला कळलं.

दुसऱ्या ओळीला ते कोपरापर्यंत आले. राणीला ओरडता येत नाही. मी कोपर घासलं, मान झटकली, खांदा उडवला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आवाज कापायला लागला. समोर बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या होत्या!

पद संपलं आणि वन्स मोअर आला. अप्पांनी पेटीवर सूर धरला. मी हळूच म्हटलं, "अप्पा, मुंगळे!" ते म्हणाले, "राहू दे, बराबर चाललंय!"

तीन वन्स मोअर झाले. दुसऱ्या दिवशी माझा हात सुजून भोपळा झाला आणि गावात बोललं जाऊ लागलं, की विरहाची अशी तळमळ आजवर कुणी केली नाही. पुढे कागदाची वेल परत आली, पण ते कोपर घासणं, मान झटकणं, खांदा उडवणं मला सोडता आलं नाही. केलं नाही तर लोक म्हणायचे, आज राणीचं लक्ष नाही.

माझी बायको रमा, तिनंही मला लग्नाआधी पाहिलं ते राणी म्हणूनच. लग्नात तिची मावशी मोठ्यानं म्हणाली होती, "जावई बरा हाये. पण नटल्यावर जास्त बरा दिसतो!"

*

कुसुम झाली तेव्हा मी मिशी ठेवली. नाटक बंद पडलं ते तिथेच. राणीला मिशी आली म्हटल्यावर खेळ कुठून होणार! मंडळी मात्र भेटत राहायचीच.

कुसुम पाच वर्षांची असताना तिनं एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही नाटकात कोण होता?"

आता खरं सांगतो, राणी झाल्याची मला कधी लाज वाटली नाही. उलट अभिमानच. पण पाच वर्षांची पोर मान वर करून, तोंड उघडं ठेवून उत्तराची वाट पाहते तेव्हा बापाचं काय होतं ते बापालाच ठाऊक. माझ्या तोंडून निघून गेलं, "राजा!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं, की कुसुमचे बाबा राजा होते. शेजारणी पदराआड हसायच्या, पण पोरीचं मन कुणी मोडलं नाही. आणि मग ते मागे घ्यायची माझी हिंमतच होईना.

दोन वर्षांनी तिनं ट्रंकेतून आमच्या मंडळींचा फोटो शोधून काढला. मी पाटावर जेवायला बसलो होतो. ताटाशेजारी फोटो ठेवून ती म्हणाली, "राजा तर हे किसनकाका दिसून राह्यले!"

"त्या दिवशी मला ताप आल्ता," मी म्हटलं, "म्हणून किसनकाका उभे राह्यले."

"आणि ही बाई कोण?"

रमा पोळी लाटायची थांबली. मी घास गिळला.

"ही? ही... तुझी आत्या."

"मंग ती आपल्याकडं काहून येत न्हाई?"

"ती हैदराबादला असते. लांब आहे फार."

कुसुमनं फोटो जवळ धरून पाहिला, मग मला पाहिलं, मग परत फोटो पाहिला. म्हणाली, "तुमच्यासारखीच दिसती."

"माझी बहीणच ना ती!"

रमा चुलीकडे तोंड करून खोकत राहिली. धूर नव्हता तरी!

*

खोट्याचं एक असतं, त्याला सांभाळावं लागतं. त्या दिवाळीला कुसुमनं एक करंजी वेगळ्या कागदात बांधली आणि मी कचेरीला निघालो तेव्हा माझ्या हातात दिली.

"आत्याला पोचवा. तुमच्या कचेरीतलं कुणी ना कुणी हैदराबादला जातच असंल."

"जातं ना. बिलकुल पोचवतो."

कचेरीच्या वाटेवर एक पूल आहे. पुलावर बसून मी ती करंजी खाल्ली. करंजी छान होती, हेही खरं. संध्याकाळी घरी आलो तर कुसुम दारात.

"दिली?"

"दिली एका माणसाजवळ. उद्या पोचेल."

"बरं," ती म्हणाली. "बाबा, तुमच्या मिशीला खसखस लागलीय."

पुढच्या वर्षी तिनं आधीच विचारलं, आत्याला खोबऱ्याची आवडते का खव्याची. मी म्हटलं, खव्याची. मला खव्याची आवडते. त्या वर्षापासून आत्याची करंजी खव्याची!

रमा एकदा म्हणाली, "आता सांगून टाका. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर पोर तुमच्या एका शब्दावर विश्वास ठेवायची न्हाई." मी म्हटलं, सांगतो. आणि ते सांगायचं राहत गेलं.

*

अशात एके दिवशी गावात टांगा फिरला. पुढे ताशा, टांग्यात भोंगा घेतलेला माणूस आणि टांग्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत कागद. आमचं राणीचं नाटक बोलपट होऊन जालन्याच्या थेटरात येणार होतं! भोंगेवाला ओरडत होता, सहकुटुंब सहपरिवार पाहा!

मंडळींत भूकंप झाला. निरोप मिळताच किसनराव आष्टीहून निघाले, परतूरला गाडी पकडून जालन्यात आले आणि आल्या आल्या खोलीत कडाडले, "आपलं नाटक उचललं! आपल्याला एका शब्दानं विचारलं न्हाई!"

अप्पा शांतपणे म्हणाले, "किसनराव, ज्यानं लिहिलं होतं त्याला आपण तरी कधी विचारलं?"

मला दुसरीच काळजी होती. बोलपट म्हणजे सगळं गाव येणार. सगळं गाव म्हणजे जुने प्रेक्षक आलेच. कुणी ना कुणी मला पाहून 'या राणीसाहेब' म्हणणार आणि शेजारी कुसुम असणार! मी एकेकाचे हात धरले. अप्पा म्हणाले, "बिलकुल बोलणार न्हाई, राणीसाहेब!" मास्तर म्हणाले, "मी आयुष्यात कुजबुजण्यापलीकडं कधी बोललोय का?" किसनरावांनी मिशीवर हात ठेवून शपथ घेतली, पण वर म्हणाले, "आमचं राजेपण तुम्ही घेतलं, ते कधी परत द्यायचं ते ठरवा."

उस्मानभाई तोवर थेटरात मशीन ऑपरेटर झाले होते. गॅसबत्तीपासून मशीनपर्यंत, उजेडाचं खातं त्यांच्याकडेच! ते म्हणाले, "फिकर नक्को करो जी. जुबान कू ताला!"

घरी कुसुमचे प्रश्न सुरूच.

"टॉकीत राजा तुम्हीच हाये का?"

"नाही गं, दुसरा कुणीतरी आहे."

"आणि आत्याच्या जागी?"

"तिथंही दुसरी बाई."

"तुम्हाला दोघांना सोडून दुसरे घेतले? मंग ती टॉकी काय कामाची!"

*

निजामाच्या राज्यात शुक्रवारी सुट्टी, म्हणून शुक्रवारचा दुपारचा खेळ धरला. थेटर म्हणजे पत्र्याचं छप्पर आणि बाकडी. बायका आणि लहान मुलं डाव्या अंगाला, मधे बांबूच्या काड्यांच्या चिकाचा पडदा. रमा आणि कुसुम तिकडे. आम्ही मंडळी इकडे, चिकाला लागून एका बाकावर. मशीनच्या खोलीतून उस्मानभाईंनी हात हलवला.

अंधार झाला, पेटी वाजली, आणि पडद्यावर राणीचं तोंड आलं. नुसतं तोंड! भिंतीएवढं! पलीकडे दहा-बारा पोरं एकदम रडायला लागली. आमच्या नाटकात राणी एवढीशी आणि आवाज एवढा, अशी सवय. इथे राणीच्या नाकपुडीत माणूस बसेल. पण गायली छान हो. मी मनातल्या मनात तिला मानलं.

पाचच मिनिटांत मास्तर बिघडले. माणूस अंधारात बसला, समोर आपलं नाटक, मग प्रॉम्प्टरचा जीव राहतो होय? राजानं तोंड उघडायच्या आत मास्तर पुढचं वाक्य कुजबुजायला लागले. पुढच्या बाकावरचा एक म्हातारा वळून म्हणाला, "याला आधीच कसं कळून राह्यलं?" त्याचा शेजारी म्हणाला, "काल पाहून गेल्ता असंल." आणि मग पडद्यावरच्या राजानं मधलं एक भाषण गाळलं. मास्तर ताडकन उभे राहिले, "तीन ओळी खाल्ल्या! परत घ्या!"

वेलीचं पद आलं तेव्हा मी सावरून बसलो. आमच्याकडे ते वीस मिनिटं चालायचं. इथे दोन कडवी आणि संपलं! लोकांनी सवयीनं वन्स मोअर दिला, पण राणी ऐकते कुठली, ती कधीच पुढच्या झाडाकडे निघून गेली. थेटरात नाराजी पसरली. चिकापलीकडून एका बाईचा स्पष्ट आवाज आला, "गळा गोड हाये, पण तळमळ न्हाई!"

अप्पा माझ्या कानात म्हणाले, "तिला मुंगळे कुठून मिळणार?"

*

मध्यंतर झालं. पोरांनी चणे खाल्ले. पुन्हा अंधार झाला. आता राजा वनात येणार, पदर घेतलेली राणी त्याला पाणी देणार आणि ओळख पटणार. सगळं थेटर पुढे सरकून बसलं.

पडद्यावर एक काळा बुरखेवाला घोड्यावरून आला आणि त्यानं तिघांना बदडलं!

पुढचा म्हातारा म्हणाला, "राणीचा भाऊ दिसतो." बुरखेवाला छपरावर चढला. "बहिणीला शोधून राह्यला," म्हाताऱ्यानं समजावलं. बुरखेवाल्यानं पूल उडवला, तेव्हा मात्र मास्तर ओरडले, "पुस्तकात पूलच न्हाई!"

दिवे लागले. उस्मानभाई घाम पुसत खाली आले. रिळांच्या डब्यांची अदलाबदल झाली होती. आमच्या राणीचा शेवट रेल्वेनं परभणीला गेला होता आणि परभणीचा बुरखेवाला इकडे आला होता!

शेवट काय आहे ते थेटरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पाहिल्याशिवाय उठणं वेगळं. गाड्या जोडून खेड्यांतून आलेले लोक बसून राहिले. पोरं भोकाड पसरायला लागली. मालक हात जोडून उभा. आणि मागून कुणीतरी जुन्या माणसानं आवाज दिला, "रीळ न्हाई तर न्हाई, आपली मंडळी हाये की बसलेली!"

झालं! सगळं थेटर आमच्या बाकाकडे वळलं. किसनराव तर आधीच पडद्यापुढच्या ओट्यावर चढले होते. अप्पांनी पेटी आणायला माणूस पिटाळला. उस्मानभाई माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "मैं कुछ नै बोला जी. मगर असल राणी तो इधरिच बैठी है!"

मी जागचा हललो नाही. चिकाकडे पाहिलं. पलीकडे कुसुम होती. तिचा राजा गेली कित्येक वर्षं मी जपला होता. आता उठलो तर तो गेला, आणि त्याच्याबरोबर बापाच्या शब्दावरचा तिचा विश्वासही गेला. नाही उठलो तर पाचशे लोकांचा शेवट गेला. अप्पांचा सूर लागला. तोच सूर. मी बाक घट्ट धरून बसलो.

तेवढ्यात चिकाच्या खालून काहीतरी सरकत माझ्याकडे आलं. रमेची हिरवी शाल.

मी उठलो. दुसरं काय करणार!

शाल डोक्यावरून घेतली, मिशी झाकेल इतकी पुढे ओढली आणि ओट्यावर गेलो. राणीनं या प्रवेशात तोंड झाकलेलंच असतं, तेवढाच आधार. वेलीचं पद शेवटी पुन्हा येतं, ते सुरू केलं. आठ-नऊ वर्षांत गळा गंजला होता, पण दुसऱ्या कडव्याला मोकळा झाला. आणि कोपर आपसूक घासलं गेलं. मान झटकली. खांदा उडाला. बायकांच्या बाजूनं एकच गलका झाला, "हीच! हीच ती तळमळ!" वन्स मोअर आला आणि या वेळी राणी थांबली! सगळी कडवी म्हटली, दोनदा म्हटली. इतका आनंद मला कचेरीत एकाही दिवशी झाला नव्हता.

मग किसनराव पुढे आले. आवाज तोच, पोट नवं. "हे वनवासिनी, तू कोण? एकवार मुख दाखव!"

आणि मला आठवलं, की इथे पदर काढायचा असतो.

मी थांबलो. किसनरावांनी वाक्य परत म्हटलं. विंग नव्हतीच, म्हणून मास्तर बाकावरून कुजबुजले, "पदर काढा." मी उभाच. अप्पा पेटीवर तोच सूर धरून बसलेले. मी डोळे मिटले आणि शाल मागे टाकली.

राणी. वर कपाळावर टोपीचा वळ, खाली भरघोस मिशी!

कुणी हसायच्या आत चिकापलीकडून एक बारीक, खणखणीत आवाज आला, "आत्या आली! आई, हैदराबादची आत्या आली!"

छप्पर उडायचंच बाकी राहिलं. किसनरावांना हसू आवरेना, ओळख पटल्याचं भाषण त्यांना म्हणताच आलं नाही, नुसतेच माझे दोन्ही हात धरून उभे राहिले. लोकांनी तेच गोड मानलं.

घरी जाताना कुसुम माझं बोट धरून उड्या मारत होती. "बाबा, तुम्ही कुठं गेल्ते? आत्या येऊन गेली! केवढी छान गायली!"

"मी जरा बाहेर गेल्तो गं," मी म्हटलं. "भेट चुकलीच." सुटलो, असं मनात म्हणालो. माझा राजा अजून शाबूत होता.

ती झोपल्यावर रमेनं शालीची घडी घालत मला पलीकडची गोष्ट सांगितली. कुसुम ओरडली तेव्हा शेजारी बसलेल्या बाईनं तिला हसत विचारलं होतं, "अगं, ही खरंच तुझी आत्या काय?"

कुसुम बाकावर चढली, त्या बाईच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "न्हाई हो, बाबाच हायेत ते. पण तुम्ही सांगू नका. त्यांना वाटतं, मला माहीत न्हाई."